मदत हवी आहे: सर्फबोर्ड घासायच्या पॉवर पॅडला सँडपेपर कोणता आणि गोंद कोणता?

नमस्कार मंडळी,

सर्फबोर्ड किंवा फायबरग्लासचं काम करणारं कोणी इथे असेल तर मार्गदर्शन हवं आहे. बोर्ड पॉलियुरेथेन फोमचा, वर काचकापड आणि पॉलिएस्टर रेझिन. हॉट कोट (कापडावर घासण्यासाठी दिलेला रेझिनचा थर) पूर्ण वाळून कडक झालाय, आता घासणी सुरू आहे. व्हेरिएबल स्पीडचा पॉलिशर (पॅड फिरवणारं मशीन) आणि आठ इंची फोमचे दोन पॅड आहेत. कडक पॅड डेक (बोर्डाची वरची बाजू) आणि तळाच्या सपाट भागाला, मऊ पॅड रेलच्या, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या गोलाईला, इथवर अडचण नाही.

अडतंय ते मऊ पॅडवर. रेलवर टेकवला की पॅड वाकतो, पण ८० नंबरचा भरड पेपर वाकत नाही. मग त्याची एक कड सुटते आणि ती फडफडणारी कड रेझिनवर अर्धगोल ओरखडा काढते. ओरखडा घालवायला तिथेच घासत बसावं तर खालचं कापड उघडं पडायची धास्ती, कारण रेझिन ओघळून रेलवर हॉट कोट पातळच राहतो. कापड कापलं गेलं तर नुसता दिसण्याचा प्रश्न उरत नाही, बोर्डाची ताकदच जाते.

सध्या साधा स्प्रे गोंद वापरतोय. पॅड तापला की तो ढिला पडतो. कॉन्टॅक्ट अ‍ॅढेसिव्ह घट्ट धरेल, पण पेपर बदलताना पॅडचा फोमच उपटून निघेल. गाड्यांच्या बॉडीकामातला ट्यूबमधला फेदरिंग डिस्क अ‍ॅढेसिव्ह फोम पॅडवर कोणी वापरलाय का? आणि मऊ पॅडला पेपर नेमका कसा निवडायचा? पुढचा बोर्ड एपॉक्सीचा करायचाय, त्याला वेगळं काही लागेल का?

प्रतिसाद १

फेदरिंगचाच घ्या. तो वाळल्यावरही चिकट राहतो, त्यामुळे एकाच थरावर बरेच पेपर बदलता येतात. पॅडवर आणि पेपरच्या पाठीवर पातळ थर द्या आणि ओल जाऊन बोटाला नुसतं चिकट लागेपर्यंत थांबा. ओल्यावरच दाबलात तर पेपर सरकणार. पेपर काढल्यावर पॅड उघडा ठेवू नका, धूळ बसली की पकड गेली. जुना पेपर तरी लावून ठेवा.

पण मला विचाराल तर तुमची कड सुटतेय ती गोंदापेक्षा पेपरच्या जाड पाठीमुळे. जाड पाठीचा पेपर कडक पॅडला ठेवा, मऊ पॅडला पातळ पाठीचा. लावण्याआधी त्याची पाठ टेबलाच्या कडेवर टेकवून ओढून घ्या, एकदा उभी, एकदा आडवी. ताठा मोडतो आणि पेपर पॅडबरोबर वळतो. पेपर पॅडच्या बाहेर जराही येऊ देऊ नका, जास्तीचा कापून टाका. आणि रेलवर ८० नकोच. तिथे १०० किंवा १२० ने सुरुवात करा, वेग कमी ठेवा, पॅड सतत फिरता राहू द्या.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. हॉट कोटमधलं मेण वर येऊन बसलेलं असतं, त्यामुळे पहिल्या फेरीत पेपर भुश्याने पटकन भरतो. ओपन कोट (विरळ दाण्यांचा) अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर घ्या, भुसा चिकटू न देणारा स्टिअरेटचा लेप असलेला मिळाला तर उत्तम. भरलेला पेपर फिरत्या पॅडवर क्रेप रबराची कांडी धरून साफ होतो. दाब वाढवून काम काढू नका, उष्णता तिथूनच येते आणि गोंद सुटतो.

एपॉक्सीला हाच पेपर चालेल, पण रेझिन पुरतं पिकू द्या. कच्चं असेल तर ते तापून लिबलिबीत होतं आणि पेपरवर त्याच्या गुठळ्या धरतात. एपॉक्सीखाली बहुधा ईपीएस (थर्माकोलसारखा) फोम असेल. स्प्रे गोंदातलं सॉल्व्हंट त्याला खातं, म्हणून फवारणी बोर्डापासून लांब करा. मास्क दोन्हीकडे हवाच, काचेची धूळ आहे ती.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पातळ पाठीचा १२० आणि फेदरिंग गोंद आणतो, पाठ मोडून लावतो. पॅडवर आधीच्या स्प्रे गोंदाचा थर आहे, तो अ‍ॅसिटोनने काढला तर चालेल का?

प्रतिसाद १

अ‍ॅसिटोन नको, पॅडचा फोम खराब होईल. फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच नवा गोंद.