टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून माणूस गुन्हेगार होतो का?

कंदील:
लोकहो एक शंका आहे. क्रिमिनॉलॉजीच्या एमएला प्रेझेंटेशन द्यायचंय, विषय आलाय हार्मोन्स आणि आक्रमकता, आणि वाचायला बसले तर डोकंच फिरलं. एकीकडे म्हणतात जेलमधल्या कैद्यांची लाळ तपासली तर हिंसक गुन्हेवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं हार्मोन) जास्त निघालं, दुसरीकडे म्हणतात संबंध नावापुरताच आहे. मग खून मारामाऱ्या करणारे बहुतेक पुरुषच, तेही ऐन तरुण, हे कसं काय? सर म्हणाले बायोलॉजीला हात लावशील तर जपून, नाहीतर तुझा लोंब्रोसो होईल (तोच, गुन्हेगार जन्मजात असतो आणि चेहऱ्यावरून ओळखता येतो म्हणणारा) :) काय मांडू आणि काय सोडू?

उंबरठा:
जेलचं म्हणताय ते डॅब्स या संशोधकाचं १९९५चं काम असणार. ६९२ पुरुष कैदी, चोरी घरफोडी ड्रग्जवाल्यांपेक्षा हिंसा आणि लैंगिक गुन्ह्यांत आत आलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त, आणि जेलचे नियम मोडण्यात, खास करून समोरासमोर भिडण्यात, जास्तवालेच पुढे. आकडे खोटे नाहीत. पण लाळ कधीची? आत आल्यानंतरची. तिथे रोज कोण कोणाला दबतो हाच खेळ चालू असतो, आणि अशी चुरस जिंकली हरली की टेस्टोस्टेरॉन स्वतःच वरखाली होऊ शकतं, मझूर आणि बूथ यांनी १९९८ला हे नीट मांडलंय. म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्या एका सॅम्पलवरून ठरत नाही.

आणि सगळ्या अभ्यासांची बेरीज केली तर? २००१ला केली तेव्हा कोरिलेशन (दोन गोष्टी किती सोबत चालतात त्याचा आकडा, पूर्ण सोबत असतील तर १) ०.१४ आलं, २००५ला आर्चर मंडळींनी तेच परत तपासलं तर ०.०८. या ०.०८चा वर्ग करून बघा, माणसामाणसांतल्या आक्रमकतेच्या फरकाचा एक टक्कासुद्धा त्यात भरत नाही.

वयाचं म्हणाल तर त्यात अजून गंमत आहे. मारणं ढकलणं चावणं हे सगळ्यात जास्त दोन-तीन वर्षांची पोरं करतात, ट्रेंब्ले यांनी वर्षानुवर्षं मुलांचा माग ठेवून दाखवलंय, आणि त्या वयात टेस्टोस्टेरॉन जवळपास नसतंच. उलट पंचविशीनंतर गुन्ह्यांचा आलेख धाडकन खाली येतो पण हार्मोन काही त्या वेगाने उतरत नाही, ते आपलं हळूहळू. नोकरी, लग्न, संगत सुटणं हे सगळं मधे येतं ना.

बोरूबहाद्दर:
हे सगळं ठीक पण जिममधे स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणारी पोरं बघितलीत का कधी, जरा धक्का लागला की अंगावर येतात. त्याचं काय मग? हार्मोनच ना ते?

रातकिडा:
@बोरूबहाद्दर त्यावर प्रयोग झालाय. पोप नावाचे संशोधक आणि मंडळींचा, २०००चा. आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिलं, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्याच्या कैकपट. ५० जणांपैकी ४२ जणांत मूडमधे फारसा फरक नाही, ६ जण मध्यम चढले, २ जण मात्र चांगलेच. म्हणजे परिणाम आहे पण तो मोजक्यांत आहे, आणि ते मोजके कोण हे आधी ओळखता आलं नाही.

कंदील, तुम्ही मिशिगनचा प्रयोग घ्याच, १९९६चा, कोहेन आणि निस्बेट यांचा. कॉलेजची पोरं, काही अमेरिकेच्या दक्षिणेत वाढलेली काही उत्तरेत. लाळ घेतली, फॉर्म दिला, म्हणाले पॅसेजच्या टोकाला ठेवून या. पॅसेजमधे एक माणूस फायलींचं कपाट उघडून उभा, पोरगा जवळ आला की तो ड्रॉवर धाडकन बंद करतो, खांदा मारतो आणि शिवी घालून निघून जातो (तो त्यांचाच माणूस अर्थात). परत लाळ. उत्तरेकडच्यांचं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं हार्मोन) ३३ टक्के वाढलं, दक्षिणेकडच्यांचं ७९. टेस्टोस्टेरॉन ६ आणि १२. शिवी तीच, खांदा तोच!

पुढचा भाग तर मला जाम आवडतो. दुसऱ्या एका वेळी शिवी खाल्लेल्याला चिंचोळ्या पॅसेजमधून पाठवलं आणि समोरून सहा फूट तीन इंचाचा धिप्पाड गडी चालत आला, बाजूला कोण होतो ते बघायचं. दक्षिणेकडची पोरं शिवी नसेल तेव्हा नऊ फुटांवरच वाट द्यायची, एरवी ती जास्त सभ्यच. शिवी खाल्ली की तीन फुटांपर्यंत हटायची नाहीत. अब्रूला धक्का लागला की उत्तर द्यायचं हे जिथे लहानपणापासून शिकवलंय तिथे शरीर तसं तयार होतं. ज्यांना हार्मोन विरुद्ध समाज असं भांडायचंय त्यांनी हा एक पेपर वाचून मग भांडावं.

कंदील:
वा, हा तर मधोमध टाकते. आणि कोर्टाचं काय? "माझ्या हार्मोन्समुळे झालं" असं चालतं का कुठे?

उंबरठा:
चाललंय. ब्रिटनमधे १९८०च्या सुमारास दोन बायकांच्या खटल्यांत डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी पाळीआधीच्या त्रासाची साक्ष दिली, आणि खुनाचा आरोप कमी जबाबदारीच्या (मनःस्थितीमुळे पूर्ण दोष धरता येत नाही अशा) मुद्द्यावर मनुष्यवधावर आला. पण लगेच ओरड झाली, आणि रास्त होती, की मग उद्या कोणत्याही बाईला महिन्यातले काही दिवस बेभरवशाची ठरवाल. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून शिक्षा कमी करा असं कोणी फारसं म्हणत नाही, उलट तेच धोका म्हणून दाखवतील.

बोरूबहाद्दर:
मग सरळ औषधाने उतरवा की. काही ठिकाणी देतात ना.

उंबरठा:
देतात, कॅलिफोर्नियाने १९९६ला कायदाच केला, पण तो लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांसाठी. औषधाने कामेच्छा उतरते. वर्चस्वासाठी, सूडासाठी किंवा पैशासाठी मारणाऱ्याला त्याने काय होणार? कंदील, ही एक स्लाइड वेगळी करा, लोक हे दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात. आणि नुसतं टेस्टोस्टेरॉन दाखवू नका, कॉर्टिसॉल सोबत घ्या, मेहता आणि जोसेफ्स यांचं २०१०चं काम बघा, कॉर्टिसॉल कमी असेल तेव्हाच टेस्टोस्टेरॉनचा वर्चस्वाशी संबंध दिसतो असं म्हणणं आहे. सगळ्यांना तसंच सापडलं असं नाही, तेही सांगून टाका.

कंदील:
सांगते. लाळ सकाळची की संध्याकाळची यानेही आकडा बदलतो ना? सर तेच विचारणार बघा.

रातकिडा:
बदलतो, दोन्ही हार्मोन सकाळी जास्त असतात. प्रत्येक अभ्यासापुढे वेळ लिहून ठेवा, दिली नसेल तर तसं लिहा.