‘बुरशीजन्य संयुगे’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

प्रश्न : काढणी झालेली संत्री, मोसंबी व लिंबे टिकवण्यासाठी बुरशीपासून मिळणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांविषयी लिहिताना ‘बुरशीजन्य संयुगे’ म्हणावे का? तसेच ‘बुरशीनाशक’ आणि ‘बुरशीरोधक’ यांत भेद करावा का?

उत्तर : व्याकरणाच्या दृष्टीने ‘बुरशीजन्य’ निर्दोष आहे, अडचण रूढीची आहे. शेतीविषयक लेखनात या विशेषणापुढे बहुधा ‘रोग’च येतो, त्यामुळे ‘बुरशीजन्य संयुगे’ वाचताना ती अपायकारक असावीत असा ग्रह होतो. या विषयात तर रोग आणि उपाय दोन्ही बुरशीचेच असतात. सालीला खरचटलेल्या जागी मऊ, पाणचट डाग पडतो, त्यावर पांढरे तंतू पसरतात आणि मधोमध हिरवट बीजाणूंची भुकटी धरते. हे काम पेनिसिलियम डिजिटेटम या बुरशीचे. सफरचंद सडवणाऱ्या पेनिसिलियम एक्सपान्सम या तिच्याच प्रजातीतील बुरशीपासून मिळालेल्या एका लहान प्रथिनाने प्रयोगांत संत्र्यांवरील ही हिरवी बुरशी आटोक्यात ठेवली आहे. अशा वाक्यात दोन्हीकडे ‘बुरशीजन्य’ लिहिले, तर कोण कोणाला मारते हेच कळेनासे होते. म्हणून ‘बुरशीपासून मिळणारी संयुगे’ असे सरळ लिहावे. दोन शब्द वाढले तरी चालेल.

‘कवकजन्य’ हा पर्याय मला एका ठिकाणी अधिक नेमका वाटतो. बोलण्यात बुरशी म्हणजे वस्तूवर धरलेला थर, तर कवक या वर्गात अळंबी आणि यीस्टही येतात. स्ट्रोबिल्युरिन हे बुरशीनाशक द्रव्य पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका अळंबीत सापडले, त्याला कवकजन्यच म्हटले पाहिजे. मात्र त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेल्या अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकाला ‘नैसर्गिक’ म्हणणे चूक ठरेल.

नाशक आणि रोधक यांतला भेद अवश्य पाळावा. म्युस्कोडोर अल्बस ही बुरशी बाष्परूप द्रव्ये सोडते, त्यामुळे फळांना हात न लावता बंद पेटीत तिचा उपयोग होऊ शकतो. त्या बाष्पाने काही बुरशी मरतात, तर काहींची वाढ केवळ थांबते आणि बाष्प हटताच पुन्हा सुरू होते. पहिल्या परिणामाला नाशक व दुसऱ्याला रोधक म्हणावे, कारण फळ साठवणीतून बाहेर काढल्यावर सडेल की नाही, हे बऱ्याच अंशी याच फरकावर अवलंबून असते.

पुरवणी : ‘परिरक्षण’ हा शब्द डबाबंद किंवा वाळवलेल्या पदार्थांसाठी राखून ठेवावा. तोडलेले फळ जिवंत असते, श्वसन करत असते. त्याला ‘टिकवणे’ म्हणावे, आणि गुणासाठी ‘टिकवणक्षमता’ हा शब्द प्रचारात आहेच.