मदत हवी आहे: आईला डायबेटिस आहे, तरी योम किप्पूरचा कडक उपास धरायचाच म्हणते

नमस्कार मंडळी, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यात राहतो, मूळचे अलिबागकडचे. यंदा योम किप्पूर, म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, रविवारी 20 सप्टेंबर 2026 ला सूर्यास्ताला लागतोय आणि सोमवारी तारे दिसले की सुटतो, म्हणजे जवळजवळ 25 तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आई 74 वर्षांची, दोन वेळा इन्सुलिन. डॉक्टर नको म्हणालेत. ती म्हणते, अगं माझी आई याला दारफाळणीचा सण म्हणायची, दारं लावून दिवसभर घरात बसायचे सगळे, मी लहानपणापासून धरतेय, आता म्हातारपणी मोडू का?

गेल्या वर्षी मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) नेइलाच्या नमाजेला, म्हणजे दिवसाच्या अगदी शेवटच्या प्रार्थनेला, सगळे उभे होते तशी तीही पांढरी साडी नेसून, पायात रबरी सपाता घालून उभी (चामडं चालत नाही त्या दिवशी). मी हात धरला तर गार, ब्लाऊज पाठीला घामाने चिकटलेला, ओठ हलतायत पण शब्द भलतेच. बाहेर आणून शुगर बघितली तर 54! साखरपाणी तोंडाशी नेलं तर दात घट्ट मिटून मान हलवते, शोफार (उपास सुटताना वाजवतात ते शिंग) वाजू दे म्हणे. शेवटी एका मावशींनी दटावून पाजलं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दरवर्षी ती गरिबांना दानधर्म करते, लोकांकडे जाते, त्या दिवशी नुसती रडत बसली, उपास फुकट गेला म्हणून.

हझ्झाननी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, तिला समजावलंय की जीव वाचवणं, पिकुआख नेफेश, उपासाच्या वर आहे, आज्ञा पाळून जगावं असंच तोरात, आमच्या धर्मग्रंथात, लिहिलंय. आजारी माणसाला थोडं थोडं घ्यायची पद्धतही आहे, दर नऊ मिनिटांनी 30 ग्रॅमपेक्षा कमी खाणं आणि एका गालात मावेल त्याहूनही कमी पाणी. तिला हे पटतं पण वेळ आली की तोंड उघडत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजी-आजोबांनी असं केलंय का? काय दिलंत, आणि मशिदीत बसून कसं मोजत होतात, की त्या दिवशी घरीच ठेवलंत? इन्सुलिनचा डोस मी डॉक्टरांनाच विचारणार आहे, ते इथे नको. मला मुख्य म्हणजे तिच्याशी काय बोलू ते हवंय, कारण मी हट्ट केला की ती गप्प होते आणि मग दोन दिवस जेवतही नाही नीट. ज्यांची माणसं ऐकली त्यांनी नेमकं काय सांगितलं ते प्लीज लिहा.