धनुष्कोडीला बोटीचं स्टेशन होतं ते खरं का?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. आमच्या गावची काही मंडळी काशी करून आली आणि आता गंगेचं पाणी घेऊन रामेश्वरला जाऊ राहिली, मी पण सोबत आहे. तर ग्रुपवर एक मेसेज फिरू राहिला की इंग्रजांच्या टाइमला मद्रासहून कोलंबोला डायरेक्ट ट्रेन जायची, रामसेतूवर रूळ टाकलेले होते आणि ६४ च्या वादळात सगळं बुडालं. खाली धनुष्कोडीच्या (रामेश्वर बेटाचं टोक) पडक्या भिंतींचा फोटो. एक काका म्हणे तिथं स्टेशन होतं, दुसरे म्हणे बंदर होतं, त्यावरून पारावर दोन गट पडले. नेमकं काय होतं भो? आणि आता बघण्यासारखं काही उरलंय का?

जुना_गार्ड_भुसावळ
दोन्ही होतं, म्हणजे दोन्ही काका बरोबर. रामसेतूवरचे रूळ मात्र थाप. तिथं पूल टाकायचा विचार इंग्रजांनी केलेला पण खर्च बघून सोडला, आणि मग कमी पैशातला मार्ग काढला की पांबनच्या खाडीवर पूल टाकून रेल्वे बेटावर न्यायची, बेटाच्या टोकाला धक्का बांधायचा आणि तिथून पुढं स्टीमर. पांबन पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला चालू झाला आणि त्याच वर्षी धनुष्कोडी ते लंकेतलं तलैमन्नार अशी बोट. त्याआधी लंकेला जायचं तर तुतिकोरीनपर्यंत रेल्वे आणि तिथून कोलंबोपर्यंत जहाज, लांबचा समुद्र. इथं समुद्र उरला ३५ किलोमीटरच्या आसपास.

गाडीचं नाव इंडो-सिलोन एक्सप्रेस पण सगळे बोट मेलच म्हणायचे. मद्रास ते कोलंबो तिकीट एकच. गावाचं धनुष्कोडी स्टेशन वेगळं आणि धक्क्यावरचं वेगळं, त्याचं नाव धनुष्कोडी पिअर. तिथं उतरायचं, कस्टम-बिस्टम उरकायचं, बोटीत बसायचं, पलीकडे तलैमन्नार पिअरला उतरलं की सिलोनची गाडी उभी. डबेच बोटीवर चढवून का नाही नेले असं बरेच जण विचारतात, तर आपल्याकडची साउथ इंडियन रेल्वेची लाइन मीटरगेज होती आणि सिलोनची ब्रॉडगेज, म्हणजे रुळांची रुंदीच वेगळी, नेऊन करणार काय? पाचोऱ्याला पीजेतून (पाचोरा-जामनेर छोटी गाडी) उतरून मोठी गाडी पकडायचो ना आपण, तसंच, मधे फक्त समुद्र.

तापीकाठ
म्हणजे ही लाइन रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी नव्हतीच का काका? मला तर वाटायचं देवदर्शनासाठीच एवढा पूल बांधला.

जुना_गार्ड_भुसावळ
यात्रेकरू जायचेच की, पण पैसा त्यांच्यासाठी लागला नव्हता. नकाशात बघ, पांबनला लाइन फुटायची. एक फाटा रामेश्वरला आणि दुसरी सरळ धनुष्कोडीला. बोट मेल सरळ धनुष्कोडीला जायची, रामेश्वर बाजूला राहायचं. आज आपण रामेश्वर हेच शेवटचं स्टेशन धरून चालतो आणि धनुष्कोडी म्हणजे जाता जाता सेल्फी काढायची जागा, पण तेव्हा खरं टोक ते होतं. ते भिंतींचे फोटो बघून लोकांना वाटतं लहानसं कोळ्यांचं गाव असेल. अरे पोस्ट ऑफिस, कस्टम, चर्च, सगळं होतं तिथं.

अमळनेरची_ताई
एक राहिलं. त्या बोटीत साहेब लोक आणि व्यापारी असायचे ते खरंय पण तमिळ मजूर किती जायचे ते कुणी बोलत नाही. सिलोनच्या चहाच्या मळ्यांवर काम करायला. त्यांना आधी पांबन पुलाच्या अलीकडच्या मंडपमच्या कॅम्पात ठेवायचे, रोगराई नाही ना ते तपासायला, मगच पुढं सोडायचे. बोट मेल म्हटलं की सगळे जुन्या जमान्याची मजा म्हणून लिहितात, मला ते अर्धवटच वाटतं.

आणि कलामसाहेब तर रामेश्वरचेच. त्यांचे वडील यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेणारी नाव चालवायचे, ती वादळात गेली (६४ च्या नाही, त्याआधीच्या). दुसऱ्या महायुद्धात रामेश्वर स्टेशनवर गाडी थांबायची बंद झाली तेव्हा पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली फेकायचे, ते गोळा करणं ही त्यांची पहिली कमाई. शाळेत पोरांना हे सांगितलं की रेल्वे, युद्ध सगळं लक्षात राहतं.

केळीवाला_रावेर
भारी माहिती ताई. मग ६४ ला नेमकं काय झालं?

जुना_गार्ड_भुसावळ
२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर, नंबर ६५३, धनुष्कोडी स्टेशन जवळ आलेलं असताना लाटेखाली गेली. रेल्वेचा स्टाफ धरून ११५ माणसं सांगतात, बिनतिकीटवाले असतील तर अजून जास्त. आता नेटवर गोष्ट फिरते की सिग्नल मिळेना म्हणून ड्रायव्हरनं शिट्टी मारून धोका पत्करून गाडी पुढं काढली. त्या गाडीतलं कुणी वाचलंच नाही तर ड्रायव्हरच्या मनातलं सांगितलं कुणी? ज्यानं आयुष्यभर गाडी चालवली त्याच्यावर मेल्यानंतर असं काही चिकटवणं मला पटत नाही.

गाव राहण्यालायक नाही म्हणून सरकारनं जाहीर केलं. पांबन पुलाचे बरेचसे गर्डर वाहून गेले, बोटींसाठी उघडणारा मधला भाग तेवढा टिकला. पूल उभा केला तो ई. श्रीधरन यांनी, ४६ दिवसांत, तेच पुढं आपल्या कोकण रेल्वेचे. पण पांबन ते धनुष्कोडी रूळ पुन्हा पडलेच नाहीत, रामेश्वरचा फाटा राहिला आणि तोच मेन लाइन झाला.

आणि मेसेजमधली दुसरी थाप, वादळानं लंकेचा रस्ता बंद केला. तसं नाही झालं. बोट रामेश्वरहून तलैमन्नारला सुटू लागली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. ती बंद पडली लंकेतल्या युद्धानं. तिकडची तलैमन्नारची लाइन पण युद्धात उखडली, २०१५ ला परत चालू झाली. स्टेशनचं नाव अजून तलैमन्नार पिअर, गाडी जाते, बोट नाही. बोट मेल नाव तर आपल्याकडं पण अजून चालू आहे, चेन्नई-रामेश्वर.

तापीकाठ
२०१९ ला धनुष्कोडीपर्यंत नवी लाइन टाकायची पायाभरणी झालेली ना? पुढं काही सरकलं नाही वाटतं.

जुना_गार्ड_भुसावळ
पायाभरणी झाली, गाडी नाही. माझ्या मते टाकूच नये. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात, मधे वाळूची पट्टी. यात्रेकरूंना रस्ता पुरतो.

अमळनेरची_ताई
केळीवाला भाऊ, जायचंच असेल तर सकाळी जा. २०१७ पासून अरिचलमुनैपर्यंत (धनुष्कोडीच्या पुढचं शेवटचं टोक) डांबरी रस्ता झालाय, आधी जीपनं वाळूतून हादडत जावं लागायचं. वाटेत चर्चच्या भिंती आणि स्टेशनचे अवशेष आहेत, तिथं गाडी थांबवायला आधीच सांगून ठेवा नाहीतर ड्रायव्हर थेट टोकाला नेतो. संध्याकाळी पोलिस लवकर परत फिरवतात. सावली नाही कुठं, म्हाताऱ्या माणसांना टोपी-पाणी द्या. आणि रेल्वेनं जाणार असाल तर नंदुरबार-जळगाववरून ओखा-रामेश्वरम आहे, आठवड्याला एकच, मोठा ग्रुप असेल तर रिझर्वेशन आजच बघा. नवा पांबन पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालाय, खिडकी मिळाली तर नक्की बघा.