शेफर्ड्स पायमध्ये मासामान करी: जमतं की उगाच?

मिरीदाणा
ब्रिटिश पदार्थाला थाई वळण द्यायचं म्हटलं की लोक ग्रीन करीकडे धावतात. तिथंच फसतं. थाई तुळस ओव्हनमध्ये काळी पडते, ताज्या मिरचीचा वास अर्ध्या तासात मरतो. शेफर्ड्स पायला, म्हणजे लँबच्या खिम्यावर बटाट्याचा मॅश पसरून ओव्हनमध्ये भाजतात त्या पदार्थाला, मासामान ही थाई करीच घ्या. त्यात बटाटा मुळातच असतो, मटण चालतं, चिंच आणि फिश सॉस असतो. इंग्रज या पायमध्ये वूस्टरशर सॉस घालतात, त्यातही अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे) आणि चिंचच! म्हणजे चव फार परकी नाही.
लँबचा खिमा ५०० ग्रॅम, मासामान करी पेस्ट ३ मोठे चमचे, नारळाचं दूध २०० मिली, बिनमिठाचा स्टॉक १५० मिली, फिश सॉस आणि चिंचेचा कोळ १-१ मोठा चमचा, ताडगूळ २ छोटे चमचे. वर ९०० ग्रॅम बटाट्याचा मॅश.

उकडलेला_बटाटा
चिंचेचं कबूल. पण वूस्टरशर पडतो चमचा-दोन चमचे, इथं अख्खा रस्साच बदललात. मटणाची दाट ग्रेव्ही काढली तर उरतं काय? करीवर बटाट्याचं झाकण. शिवाय लँबची चरबी, वर नारळाची. २०० अंशांवर कडेनं तेल उकळून मॅशमध्ये मुरतं आणि वाढताना वरचा थर घसरतो.

मिरीदाणा
घसरतो तो खिमा घाईत परतल्यामुळे. कोरड्या, कडक तापलेल्या कढईत दोन घाण्यांत परता. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि खिमा भाजण्याऐवजी उकडतो. चमचाभर ठेवून बाकी चरबी ओतून द्या. नारळाच्या दुधाचा डबा हलवू नका, वरच्या सायीत पेस्ट तेल सुटेपर्यंत परता. डब्यात इमल्सिफायर (तेल-पाणी वेगळं होऊ न देणारा घटक) असेल तर साय फुटून तेल सुटणार नाही, मग राखून ठेवलेल्या चरबीतच परता. पुढे खिमा आणि बाकी सगळं घालून मंद आचेवर ४० मिनिटं, उघडं. चमचा ओढला की तळ क्षणभर दिसला पाहिजे.

कोथिंबिरीची_काडी
त्यात भाजलेल्या दाण्याचं कूट २ मोठे चमचे घाला. मासामानमध्ये शेंगदाणे असतातच, आणि कूट तेल-पाणी धरून ठेवतं. आपल्या भाज्यांत करतं तेच काम. सारण पूर्ण गार झाल्यावरच मॅश पसरा, गरमावर पसरलात तर बुडणारच. मॅशमध्ये नारळाचं दूध नको, सैल आणि गोडसर होतो. नेहमीचं लोणी आणि दूध पुरे. काट्यानं रेघा ओढून २०० अंशांवर २५-३० मिनिटं. लिंबू पिळायचं ते ताटात.

उकडलेला_बटाटा
कूट पटलं. चेडर मात्र किसू नका, फिश सॉस आणि चीज दोन्ही खारट, जीभ सोलून निघते. आणि नाव 'मासामान पाय' ठेवा. लँबऐवजी बीफ घातलं तर ज्या देशात 'शेफर्ड्स नाही, कॉटेज पाय' असं लगेच सुनावतात, तिथं नारळाचं दूध घालून जुनंच नाव कसं चालेल?