चिपळूणचा पूर: गाळ काढायचा की आधी मॉडेल चालवायचं?

वाशिष्ठीकाठ:
२२ जुलै २०२१ च्या पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं. आईला कसंबसं पोटमाळ्यावर चढवलं, तांदळाची पिंपं खालीच राहिली. तेव्हापासून गावात एकच वाद ऐकतोय. कोणी म्हणतं कोयनेच्या अवजलाने, म्हणजे वीज तयार करून सोडलेल्या पाण्याने, बुडवलं, कोणी म्हणतं गाळाने, कोणी भरतीने, तर कोणी म्हणतं पाऊसच तसा होता. माझं मत सांगतो: हा वाद मोजून सुटण्यासारखा आहे, आणि तो सुटेपर्यंत पुरावर होणारा खर्च अंदाजाने होणार.

त्यासाठी संगणकावर नदीचा हिशेब मांडणारी दोन मॉडेलं एकमेकांना जोडावी लागतात. पहिलं पावसाचं. डोंगरावर पडलेल्या पावसातलं किती मुरलं, किती वाहिलं आणि ते पऱ्ह्यांतून नदीत कोणत्या तासाला पोचलं, हे ते सांगतं. दुसरं पात्राचं. आलेलं पाणी पुलाशी किती चढेल आणि कुठल्या आळीत किती फूट शिरेल, हे त्यातून कळतं. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची दोन सॉफ्टवेअरं आहेत: एचईसी-एचएमएस पहिलं काम करतं, एचईसी-रास दुसरं, आणि दोन्ही फुकट मिळतात. एकट्या पहिल्याने क्युसेक कळतात, पण उंबरठ्याला पाणी लागेल का ते कळत नाही. एकट्या दुसऱ्याला पाणी किती येणार तेच ठाऊक नसतं.

आपल्याकडे यात दोन गाठी आहेत. अवजल आपल्या खोऱ्यातल्या पावसाचं नाहीच. ते सह्याद्रीपलीकडचं, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी. पोफळी, कोळकेवाडी करत आपल्या वाशिष्ठी नदीत येतं. मॉडेलमध्ये कितीही पाऊस ओता, हे पाणी त्यात दिसणार नाही. तासातासाचा विसर्ग वेगळा घालावा लागतो. दुसरी गाठ खालच्या अंगाला, दाभोळ खाडीची भरती. वाशिष्ठी चढली की फुगवटा मागे येतो आणि तिला गावात मिळणाऱ्या शिवनदीला तोंडच उरत नाही. तिचं पाणी उलटं चढताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे सगळं घालून तोच २१-२२ जुलैचा पाऊस पुन्हा चालवा. एकदा अवजल बंद ठेवून, एकदा गाळ काढलेल्या पात्रात, एकदा ओहोटी धरून. कशाने किती फूट फरक पडतो ते दिसेल.

पेठेतला दुकानदार:
मला हे पटत नाही. माझं कापडाचं दुकान २००५ ला बुडलं, २०२१ ला पुन्हा बुडलं. पात्रात गाळाची बेटं झालीत, त्यावर झाडं वाढलीत, हे पुलावर उभं राहिलं की दिसतं. त्याला कॉम्प्युटर कशाला? अहवाल येईपर्यंत दोन पावसाळे जातात आणि शेवटी हातात काय, तर निळी आणि लाल रेषा. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या रेषेत आमची अख्खी पेठ येते. बांधकाम अडतं, जागेला गिऱ्हाईक मिळत नाही. नदी मात्र आहे तशीच राहते. पहिला पैसा पोकलेनला द्या.

आणि अवजलाचा तासातासाचा आकडा तुम्हाला देणार कोण? आकडा ज्याच्या हातात, उत्तरही त्याचंच.

मोजणीवाला:
मी नदीचे छेद घेण्याचं, म्हणजे पात्राची आडवी रुंदी-खोली मोजण्याचं काम करतो. काकांचा मुद्दा अर्धा खरा आहे, पण माझी हरकत वेगळी. कित्येकदा जमिनीची उंची अवकाशयानातल्या रडारने काढलेल्या एसआरटीएम नकाशावरून उचलतात. तो २००० सालचा, आणि त्यात झाडांचे शेंडे नि छपरं जमिनीतच मिसळलेली. उंचीत काही मीटरची चूक सहज निघते. पेठेत अर्ध्या मीटरवर गल्ला बुडतो की वाचतो ते ठरतं! अशा नकाशावर काढलेली रंगीत पूरचित्रं लोकांना दाखवू नयेत. नसलेल्या मॉडेलपेक्षा खोट्या खात्रीचं मॉडेल वाईट.

सावित्रीपलीकडे:
मी महाडचा. आमचं दुखणं वेगळं आहे. २०२१ च्या त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला, आणि आमची सावित्री नदी उगम पावते तिथेच. उतार असा की घाटावरचं पाणी काही तासांत गावात. गाळ काढा, जरूर काढा, पण रात्री पाणी किती वाजता कुठल्या गल्लीत येणार हे पोकलेन सांगणार नाही. मुंबईसाठी २०२० मध्ये आयफ्लोज हा पुराचा इशारा देणारा कार्यक्रम सुरू झाला, त्यात पाऊस, नदी आणि भरती एकत्र धरतात. ते मुंबईला हवं आणि कोकणातल्या नद्यांना नको, असं का? मला चार तास आधी कळलं तर म्हाताऱ्यांना हलवता येतं, दुकानातला माल वर चढतो.

पेठेतला दुकानदार:
इशाऱ्यासाठी असेल तर माझं भांडण नाही. गाळाचं काम त्यासाठी थांबवू नका, एवढंच.

वाशिष्ठीकाठ:
काका, थांबवा असं मी म्हणतच नाही. पण गाळ कुठून काढायचा? खाडीच्या तोंडाशी, पुलाखाली की वर खेर्डीकडे? भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे तळ खोल केला, तर पुराची पातळी तेवढीच उतरेल याची खात्री नाही, कारण खालून समुद्र दाबून धरतो. हे आधी तपासल्याशिवाय लाखो घनमीटर उपसायचे का? आणि गाळ निघाला की पात्र बदलतं. म्हणजे छेद आधी घ्या आणि काम झाल्यावर पुन्हा घ्या.

अवजलाच्या आकड्यांचं तुमचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. पाटबंधारे आणि वीजनिर्मिती, दोघांकडूनही तासातासाचा विसर्ग उघड मागायला हवा. ते मिळेपर्यंत अवजलाबद्दल ठाम बोलायचा हक्क मला नाही.

मोजणीवाला:
एक गोष्ट विकत आणावी लागत नाही. मॉडेल बरोबर आहे का हे पडताळायला जुन्या पुराच्या खुणा लागतात. काका, तुमच्या दुकानात आहेत?

पेठेतला दुकानदार:
आहेत. मागच्या खोलीत दाराच्या चौकटीला वडिलांनी २००५ ची रेघ खिळ्याने ओढली होती. २०२१ ची मी ओढली, तिच्या वर. फरशीपासून मोजून सांगू?

मोजणीवाला:
फरशीपासून नको, तुमची फरशी मध्ये एकदा उचललीत ना! समुद्रसपाटीपासूनची उंची हवी. रविवारी लेव्हल मशीन घेऊन येतो. शेजारच्या दोन-तीन दुकानांतही सांगून ठेवा, आणि तोवर भिंतीला रंग काढू नका.