संगीताचा इतिहास आणि वाद्यवृंदाची तालीम यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न: नमस्कार. मुंबईतील एका विद्यापीठात मी पाश्चात्त्य संगीताचा इतिहास शिकवते आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचे संचालनही करते. वर्गात शिकवलेले तालमीत कुणालाच आठवत नाही, याची मला फार खंत वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: तालमीतली रचनाच वर्गात शिकवायला घ्यावी. संगीतकार बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, आरंभ स्वराने नव्हे, तर विरामाने होतो. संचालकाचा हात खाली येतो त्या क्षणी सगळे गप्प असतात आणि लगेच तीन लघू स्वर उसळतात. एकेका विद्यार्थ्याच्या हाती संचालनाची छडी देऊन तेवढाच आरंभ करवून घ्या. बहुतेकांचा तो फसेल, आणि मग २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात, कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या तालमीवर चार तासांच्या कार्यक्रमात ही रचना प्रथम कशी वाजली असेल, हे सांगावे लागणार नाही.

उत्तर २: सहमत आहे. मात्र मुंबईचा इतिहास वगळू नये, ही कळकळीची विनंती. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये येथे सिंफनी वाद्यवृंद उभा केला, आणि स्वरलिपी वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडवला. आपल्या व्हायोलिनवादकांपैकी एखाद्याच्या घरात ती परंपरा असेलही, अवश्य विचारा.

प्रश्नकर्ती: दोघांचेही मनःपूर्वक आभार. सोमवारच्या तालमीत विरामापासूनच सुरुवात करते.